कामकऱ्यांची कैवारी : डॉ. ॲलिस हॅमिल्टन

दिवाळी जवळ आली म्हणजे आपल्याकडे घरोघर साफसफाईची व रंगरंगोटीची लगबग सुरू होते. भिंतींना नवा हात दिला जातो, दारेखिडक्यांना तेलरंग लागतो. नवा रंग नीट बसावा म्हणून रंगारी आधी जुना रंग घासकागदाने घासून काढतो. घासता घासता रंगाची बारीक पूड उडते, रंगाऱ्याच्या भुवया, पापण्या व मिशा पांढऱ्या होतात, आणि घरातील मुले त्याच्याकडे पाहून हसतात. आम्हीही लहानपणी असेच हसलो आहोत. त्या पांढऱ्या पुडीत विष असू शकेल, आणि परांचीवर चढून आमचे घर सुशोभित करणारा तो मनुष्य दर श्वासागणिक ते विष आपल्या शरीरात साठवीत असेल, ही कल्पना तेव्हा आमच्या मनास शिवलीही नव्हती.

मारुतीच्या मूर्तीस ज्या शेंदराचे लेपन करतात तो मूळचा शिशापासून बनलेला. लोखंडी पुलांना व तुळयांना गंज चढू नये म्हणून पूर्वी हाच शेंदूर तेलात कालवून देत असत. पांढऱ्या तेलरंगाचा प्राण असलेला सफेता हाही शिशाचाच. घर बांधताना व सजविताना वापरले जाणारे असे पदार्थ ते हाताळणाऱ्या मजुराचे काय करतात, हा प्रश्न ज्या थोड्या लोकांनी जगाला विचारावयास लावला, त्यांत डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांचे नाव अग्रभागी आहे. अमेरिकेतील कामकऱ्यांच्या आरोग्यशास्त्राचा पाया या बाईंनी घातला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थिमित्रांस ठाऊक असावे म्हणून आम्ही ते येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

ॲलिसचा जन्म २७ फेब्रुवारी १८६९ रोजी न्यूयॉर्क शहरी झाला, परंतु तिचे बालपण गेले ते इंडियाना राज्यातील फोर्ट वेन या गावी. आजीच्या प्रशस्त आवारात काकांची व चुलत भावंडांची घरे लागून होती, त्यामुळे खेळगड्यांची वाण नव्हती. वडील माँटगोमेरी हॅमिल्टन यांना शाळांतील अभ्यासक्रम पसंत नव्हता, म्हणून मुलींचे शिक्षण घरीच झाले. भाषा, इतिहास व वाङ्मय यांवर भर होता. एखादी शंका निघाली तर वडील आयते उत्तर न देता मुलींना ग्रंथांतून ते शोधावयास लावीत. थोरली बहीण एडिथ हिने पुढे ग्रीक संस्कृतीवरील ग्रंथांमुळे मोठी कीर्ती मिळविली. ॲलिसच्या वाट्यास आलेले ग्रंथ मात्र निराळे होते. ते कारखान्यांच्या भट्ट्यांत आणि मजुरांच्या खोल्यांत उलगडावयाचे होते.

आई गर्ट्रूड यांची एक शिकवण ॲलिसने जन्मभर जपली. जगात दोन प्रकारची माणसे असतात. अन्याय दिसला म्हणजे कोणीतरी काही केले पाहिजे खरे, पण ते मीच का करावे, असे म्हणणारी एक. आणि कोणीतरी केलेच पाहिजे, तर मग मी का नको, असे म्हणणारी दुसरी. या शिकवणुकीचा आशय असा होता. तो मुलीच्या मनात किती खोल रुजला होता हे तिच्या पुढील आयुष्यावरून दिसून येते.

१८८५ साली वडिलांचा व्यापार बुडाला. मुलींनी आपापल्या पायांवर उभे राहणे आता भाग होते. ॲलिसने वैद्यकीचा मार्ग निवडला. डॉक्टर झाले म्हणजे दूरच्या देशात असो वा शहरातील गलिच्छ वस्तीत असो, कोठेही आपला उपयोग होईल, हा तिचा विचार. शास्त्रविषयांची तयारी मुळीच नव्हती; ती तिने गावीच मोठ्या कष्टाने करून घेतली. आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेतच फिलाडेल्फिया येथे वैद्यकीची पदवी संपादन केली, हे आमच्या वाचकांस माहीत आहेच. त्यानंतर सात वर्षांनी, १८९३ साली, ॲलिस हॅमिल्टन मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टर झाल्या. बाईमाणसाने डॉक्टर होणे ही गोष्ट तिकडेही तोवर पुरतेपणी पचनी पडलेली नव्हती. १८९५ साली पुढील अभ्यासासाठी दोघी बहिणी जर्मनीस गेल्या, तेव्हा तेथील विद्यापीठांत त्यांना कोणाच्या डोळ्यांवर न येता बसण्याच्या बोलीवरच व्याख्याने ऐकू दिली गेली.

१८९७ साली हॅमिल्टनबाई शिकागो येथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात विकृतिशास्त्र शिकविण्यासाठी आल्या, आणि त्यांनी हल हाऊस येथे बिऱ्हाड केले. हल हाऊस ही जेन ॲडम्स व एलेन गेट्स स्टार या दोघींनी १८८९ साली स्थापिलेली संस्था. सुशिक्षित माणसांनी गरिबांच्या वस्तीत त्यांचे शेजारी म्हणून राहावे व त्यांच्या अडीअडचणींत साह्य करावे, असा तिचा हेतू. आजूबाजूला इटालियन, ग्रीक, पोलिश, रशियन ज्यू अशा परदेशांतून पोटासाठी आलेल्या लोकांची दाटी होती. बाई दिवसा विद्यालयात शिकवीत आणि उरलेल्या वेळात वस्तीतील तान्ह्या मुलांचा दवाखाना चालवीत. या घरात त्यांनी बावीस वर्षे काढली.

येथील एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. १९०२ साली शिकागोत विषमज्वराची साथ आली आणि हल हाऊसच्या आसपास तिने कहर केला. उघड्या संडासांवर घोंगावणाऱ्या माशा पाहून बाईंना संशय आला. त्यांनी माशा पकडून तपासल्या, काहींत रोगाचे जंतू आढळले, आणि त्यांनी तसा निबंध प्रसिद्ध केला. शहरात मोठी खळबळ उडाली, बाईंची वाहवा झाली, आरोग्यखात्याची झाडाझडती झाली. पुढे मात्र निराळेच सत्य बाईंच्या कानी आले. त्या भागातील पाण्याच्या यंत्रणेत बिघाड होऊन नळाच्या पाण्यात मैलापाणी मिसळले होते, आणि ही गोष्ट अधिकाऱ्यांनी दडपून ठेवली होती. साथीचे खरे कारण ते होते. आयते मिळालेले श्रेय गुपचूप पदरात पाडून घेणे सोपे होते. बाईंनी तसे केले नाही. आपला तर्क अपुरा होता, हे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात मोकळ्या मनाने नमूद केले. पुढील आयुष्यात पुराव्याची त्यांनी जी कसोशी राखली, तिला या अनुभवाचीही जोड मिळाली असावी, असे आम्हांस वाटते.

हल हाऊसच्या शेजारपाजारी रंगारी होते, भट्टीवाले होते, ओतारी होते. ऐन तारुण्यात त्यांचे हात लुळे पडत, पोटात कळा येत, चेहरे फिकट होत. हे असे का होते, याचा शोध घेताना इंग्लंडमधील डॉ. थॉमस ऑलिव्हर यांचा घातक धंद्यांवरील ग्रंथ बाईंच्या वाचनात आला. इंग्लंड, जर्मनी इत्यादी देशांत या विषयावर कायदे झालेले, तपासनीस नेमलेले. आणि अमेरिकेविषयी वाचावयास जावे तर जवळजवळ काहीच नाही! आमचे कारखाने उत्तम आहेत, आमचे मजूर सुखी आहेत, आमच्याकडे असले रोग नाहीत, अशी तिकडील शिष्टांची समजूत होती. जे मोजलेच नाही ते नाही असे मानणे फार सोयीचे असते.

इलिनॉय राज्याने १९०८ साली धंद्यांतील रोगांची चौकशी करण्यासाठी मंडळ नेमले व १९१० साली प्रत्यक्ष पाहणीस प्रारंभ झाला. पाहणीची सूत्रे हॅमिल्टनबाईंच्या हाती आली, आणि स्वतःच्या वाट्यास त्यांनी शिसे घेतले. शिसे हे विष मोठे कपटी. सापाच्या विषासारखे ते तत्काळ मारीत नाही. कणाकणाने अंगात साठते, हाडांत जाऊन बसते. आधी तोंडाची चव जाते, मलावरोध होतो, रक्त कमी होते. मग असह्य पोटशूळ उठतो. पुढे मनगटे लुळी पडून हात खाली लोंबू लागतात, आणि विष मेंदूस भिडले म्हणजे झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी मृत्यू ओढवतो.

ही चौकशी करावी कशी? रोगांची नोंद करण्याची सक्ती नव्हती. मजूर बोलावयास धजत नसत, कारण बोलला तो कामावरून गेला. कारखान्यांत शिसे कोठे कोठे वापरतात याची यादीदेखील कोणापाशी नव्हती. बाई व त्यांचे तरुण साहाय्यक यांनी रुग्णालयांची दप्तरे चाळली. त्या औषधविक्रेत्यांकडे गेल्या, धर्मोपदेशकांकडे गेल्या, कामगार संघांच्या पुढाऱ्यांकडे गेल्या, आणि ज्या गुत्त्यांच्या पायऱ्या कुलीन स्त्रिया सहसा चढत नसत तेथेही गेल्या. शेवटी त्या मजुरांच्या घरी गेल्या. मालकापुढे जो गडी मुका होता तो आपल्या खोलीत, बायकोसमक्ष, बोलू लागे. एखादा बोलला नाही तर त्याची बायको बोलत असे.

एका रुग्णालयाच्या दप्तरात त्यांना एक पोलिश तरुण आढळला. त्यास शिशाची बाधा झाली होती, आणि तो काम करी न्हाणीघरातील लोखंडी टबांना पांढरे एनॅमल चढविण्याचे. या कामात शिसे असते हे बाईंना ठाऊक नव्हते. त्या कारखान्यात गेल्या, तर शिशाचा येथे काही संबंध नाही असे त्यांस सांगण्यात आले, आणि टबांवर अखेरचा हात फिरविणारे कारागीर तेवढे दाखविण्यात आले. बाई परतल्या, पण स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी त्या पोलिश तरुणाचे घर शोधून काढले. खरे काम त्यांना दाखविलेच नव्हते, हे तेथे कळले. भट्टीतून लालबुंद टब बाहेर काढावयाचा, आणि लांब दांड्याच्या चाळणीने त्यावर एनॅमलची पूड भुरभुरावयाची, अशी ती रीत. टबाच्या धगीने ती पूड सर्व हवेत उधळे, आणि भट्टीपुढे धापा टाकणारा कामकरी ती छाती भरून घेई. बाईंनी त्या पुडीचा नमुना मिळविला व तपासून घेतला. तीत शिसे भरपूर होते.

अशा रीतीने एकेक माणूस शोधून, त्याचा रोग व त्याचे काम यांची गाठ पटवून, बाईंनी शिशाच्या विषबाधेची ५७८ उदाहरणे जमविली, आणि शिसे वापरणारे सत्तरांहून अधिक प्रकारचे उद्योग नोंदविले. त्यांतून आणखी एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध झाली. मजूर घाणेरडे असतात, हात न धुता जेवतात, दारू पितात, म्हणून आजारी पडतात, असे तोवर मालक व पुष्कळसे डॉक्टरही म्हणत. बाईंनी दाखविले की हात धुणे चांगलेच, परंतु मुख्य शत्रू हातावर नसून हवेत आहे. श्वासावाटे जाणारी धूळ व वाफ हेच विषबाधेचे मोठे कारण. हे एकदा मान्य झाले म्हणजे दोष मजुराच्या सवयीकडून कारखान्याच्या व्यवस्थेकडे येतो. हात मजूर धुऊ शकतो. हवा मात्र मालकानेच स्वच्छ केली पाहिजे. १९११ साली इलिनॉय राज्याने कायदा केला. शिशासारखे विषारी पदार्थ हाताळणाऱ्यांस संरक्षण देणे, त्यांची दरमहा वैद्यकीय तपासणी करणे व रोगाची वर्दी देणे मालकांवर बंधनकारक झाले.

१९१० सालीच बाई ब्रुसेल्स येथील आंतरराष्ट्रीय परिषदेस गेल्या होत्या. तेथे युरोपीय तज्ज्ञांनी अमेरिकेतील कायद्यांविषयी व रोग्यांच्या प्रमाणाविषयी प्रश्न विचारले, तेव्हा सांगण्याजोगे काही नसल्यामुळे त्यांस मान खाली घालावी लागली. त्या परिषदेस अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारचे कामगार आयुक्त चार्ल्स नील हेही उपस्थित होते. इलिनॉयमध्ये केले तेच काम सर्व देशभर करावे, अशी त्यांनी बाईंना विनंती केली. पगार ठरला नाही. अहवाल पुरा झाला म्हणजे सरकार तो विकत घेईल, एवढेच ठरले. कारखान्यात पाऊल टाकण्याचा कायदेशीर हक्कही नव्हता. मालकाने दार उघडले तरच आत जावयाचे.

बाईंनी प्रथम सफेत्याचे कारखाने हाती घेतले. सफेता करण्याची जुनी डच पद्धत अशी होती : मातीच्या कुंड्यांत शिरक्यासारखे पातळ आम्ल घालावयाचे, त्यावर शिशाच्या चकत्या ठेवावयाच्या, भोवती कातडी कमावून उरलेल्या सालीचा चोथा पसरावयाचा, आणि असे थरांवर थर रचून कोठी बंद करावयाची. चोथा आंबून ऊब धरतो, आणि सुमारे शंभर दिवसांत शिशावर पांढरा कीट चढतो. तोच सफेता. मग मजुरांनी कोठीत शिरून तो पांढरा कीट हातांनी सोडवावयाचा, घमेल्यांत भरावयाचा, वाळवावयाचा, दळावयाचा व पिंपांत ठासावयाचा. या प्रत्येक पायरीस पांढऱ्या धुळीचे लोट उठत.

शिकागोतील असाच एक कारखाना नॅशनल लेड कंपनीचा होता. तिचे एक वरिष्ठ अधिकारी एडवर्ड कॉर्निश यांस बाईंनी सांगितले की तुमच्या कारखान्यात माणसे विषाने आजारी पडत आहेत. कॉर्निश चकित झाले व रागावलेही. आपले कामकरी धडधाकट आहेत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पुरावा आणून दाखविलात तर तुम्ही सांगाल ते करीन, असा शब्द त्यांनी दिला. बाईंनी पुन्हा दप्तरे चाळली, पुन्हा जिने चढले, आणि डॉक्टरांनी निदान केलेली २२ उदाहरणे त्यांच्यापुढे ठेवली. कॉर्निश शब्दाचे पक्के निघाले. धूळ खेचून घेणारी यंत्रे बसली, डॉक्टर नेमले गेले, आणि कंपनीच्या इतर कारखान्यांतही सुधारणा झाल्या; कायद्याने भाग पाडण्यापूर्वीच त्या झाल्या. मालक म्हणजे राक्षस असे बाईंनी कधी मानले नाही. पुष्कळसे अज्ञानी असतात, त्यांस डोळ्यांनी दाखवावे. जे पाहूनही वळत नाहीत त्यांच्यासाठी कायदा करावा, अशी त्यांची रीत होती.

कारखान्यांतून बाहेर पडून हे विष कोठे जाते? ते घरांच्या भिंतींवर जाते. म्हणून बाईंनी रंगाऱ्यांच्या धंद्याची चौकशी केली व १९१३ साली त्यांचा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला. ओल्या रंगापेक्षा सुका रंग घासताना उडणारी पूड अधिक घातक, आणि सफेत्याची कोरडी भुकटी तेलात कालवणे हेही धोक्याचे. उपाय साधे होते. रंग कोरडा घासू नये, पाण्याने वा तेलाने भिजवून घासावा. कामाच्या जागी गरम पाणी, साबण व निराळे कपडे असावेत. आणि शक्य तेथे सफेत्याऐवजी जस्ताचा पांढरा रंग वापरावा. फ्रान्सने तर १९०९ सालीच कायदा करून १९१५ पासून रंगकामात सफेता वापरण्यास बंदी केली होती. १९२१ साली आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने घरांच्या आतील रंगकामात सफेता वापरू नये असा करार केला. अमेरिकेने मात्र तो करार स्वीकारला नाही.

१९१८ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात बाई इंडियानातील बेडफर्ड येथे गेल्या. तेथील चुनखडीचा दगड मोठमोठ्या इमारतींसाठी देशभर जाई. पाथरवटांच्या हाती दाबलेल्या हवेवर चालणारे नवे हातोडे आले होते. काम झपाट्याने होई, परंतु ज्या डाव्या हाताने छिन्नी धरावयाची त्याची बोटे थंडीत पांढरीफटक व बधिर होत. बाईंनी तपासून सांगितले की छिन्नीचा अखंड थरकाप व थंडी ही दोन्ही मिळून बोटांतील रक्तवाहिन्या आवळून टाकतात. घर उभे राहावयाचे तर दगड घडला पाहिजे, फरशी भाजली पाहिजे, टब चकचकला पाहिजे, भिंत रंगली पाहिजे. आणि या प्रत्येक कामात कोणाचे तरी बोट, फुप्फुस वा रक्त खर्ची पडत होते. हा खर्च कोणत्याही जमाखर्चात लिहिला जात नव्हता. हॅमिल्टनबाई तो लिहू लागल्या.

१९१९ साली हार्वर्ड विद्यापीठास या नव्या शास्त्राचा अध्यापक हवा होता, आणि बाईंच्या तोडीचा पुरुष त्या विषयात मिळेना. तेव्हा त्या थोर विद्यापीठाने आपल्या इतिहासातील पहिली स्त्री अध्यापक नेमली. परंतु तीन अटी घालून. अध्यापकांच्या क्लबात यावयाचे नाही, फुटबॉलच्या सामन्यांची तिकिटे मागावयाची नाहीत, आणि पदवीदानाच्या मिरवणुकीत चालावयाचे नाही. बाईंनी फारशी खळखळ केली नाही. त्यांना हवे होते ते काम, आणि वर्षातील अर्धा काळ पाहणीसाठी मोकळा. सोळा वर्षे शिकवून १९३५ साली त्या निवृत्त झाल्या तेव्हाही त्यांचे पद साहाय्यक प्राध्यापकाचेच होते. त्याच वैद्यकीय विद्यालयात विद्यार्थिनींना प्रवेश मिळण्यास १९४५ साल उजाडावे लागले.

प्रत्येक झुंजीत त्यांना यश आले असे नाही. १९२५ साली मोटारीच्या तेलात शिशाचे संयुग मिसळण्याचा प्रश्न निघाला तेव्हा त्यांनी त्यास विरोध केला, पण तो मानला गेला नाही. जगाच्या पाठीवरून ते तेल पुरते नाहीसे होण्यास २०२१ साल लागले. त्याच वर्षी, म्हणजे १९२५ साली, अमेरिकेतील धंद्यांतील विषांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९४३ साली आत्मचरित्र. उत्तरायुष्य त्यांनी कनेक्टिकट राज्यातील हॅडलाइम या खेड्यात नदीकाठच्या घरी घालविले, आणि २२ सप्टेंबर १९७० रोजी वयाच्या १०१ व्या वर्षी त्या निवर्तल्या. त्याच वर्षी २९ डिसेंबरला, त्यांच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांनी, सर्व अमेरिकेतील कामकऱ्यांच्या सुरक्षिततेचा व आरोग्याचा कायदा मंजूर झाला. घरगुती रंगांतील शिशावर तेथे बंदी आली ती १९७८ साली, रंगाऱ्यांविषयीच्या अहवालानंतर तब्बल पासष्ट वर्षांनी.

त्यांनी दाखविलेली वाट मात्र ओस पडली नाही. न्यूयॉर्क परिसरात इमारतींतील नळांना व भट्ट्यांना उष्णतारोधक वेष्टन घालणाऱ्या ६३२ कामकऱ्यांची कामगार संघातील नोंद घेऊन डॉ. अर्व्हिंग सेलिकॉफ यांनी त्यांच्या मृत्यूंची कारणे तपासली, आणि ॲस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे फुप्फुसाचा कर्करोग कितीतरी अधिक प्रमाणात होतो हे १९६४ साली जगापुढे मांडले. हे तंतू इतके सूक्ष्म की डोळ्यांस दिसत नाहीत, आणि त्यांचा रोग वीस-तीस वर्षांनी डोके वर काढतो. पुढे अनेक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. आपल्या देशात सिमेंटमध्ये ते मिसळून केलेले पत्रे अजूनही बनतात. गोठ्यांवर, पडव्यांवर, दुकानांवर ते आपण रोज पाहतो. अखंड पत्रा छपरावर पडून आहे तोवर फारसा तंतू उडत नाही. तो कापताना, त्यास भोक पाडताना, फोडताना धूळ उडते, आणि ती पहिल्याने जाते छपरावर बसलेल्या मजुराच्या छातीत. रंगांच्या बाबतीत आपल्याकडे २०१६ साली नियम होऊन घरगुती रंगांत दशलक्ष भागांस ९० भागांहून अधिक शिसे असू नये असे ठरले आहे. परंतु जुन्या वाड्यांच्या दारांवर जुनेच रंग आहेत, आणि घासकागद कोरडाच चालतो आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी पुढे अभियंता होईल, कोणी ठेकेदार, कोणी डॉक्टर. कोणी गवंड्याच्या वा रंगाऱ्याच्या घरात वाढलेला असेल व वडिलांचाच धंदा पुढे चालवील. हॅमिल्टनबाईंच्या चरित्रातून घेण्यासारखे आहे ते सर्वांस साधण्याजोगे आहे. घरी रंगारी येईल तेव्हा जुना रंग भिजवून घासण्यास त्यास सांगावे, त्यासाठी लागणारा जादा वेळ व मजुरी खुशीने द्यावी, नाकातोंडावर घालण्यास चांगली जाळी द्यावी, आणि जेवणापूर्वी हात धुण्यास साबण व पाणी पुढे ठेवावे. लहान भावंडांस त्या धुळीपासून दूर न्यावे. पत्रा कापावयाचा झाला तर तो कशाचा आहे हे आधी विचारावे. ॲस्बेस्टॉसचा असेल तर न कापता निभावते का ते पाहावे, आणि निभावत नसेल तर पाण्याने भिजविल्यावाचून त्यास हत्यार लावू देऊ नये.

हे काम कोणीतरी करावयास हवे, असे आपणांस वाटेल तेव्हा फोर्ट वेनच्या त्या माउलीने आपल्या मुलीच्या मनात पेरलेला प्रश्न आपण स्वतःस विचारावा. या दिवाळीत आमच्या घरी रंगारी येतील तेव्हा पाण्याची बादली आम्ही स्वतः भरून ठेवणार आहोत.